सशाच्या पिल्लांचे दात वाकडे: हीच जोडी पुन्हा लावावी का?

अबोली_डिचोली

नमस्कार मंडळी. या विभागात कुत्री-मांजरं भरपूर, सशांवर काही सापडलं नाही, म्हणून नवा धागा काढतेय.

आमच्याकडे सशांची एक जोडी आहे. लहान चणीची, आखूड तोंडाची. देणाऱ्याने 'ड्वार्फ' म्हणून दिली होती. मादी व्याली, सात पिल्लं झाली आणि सातही जगली. आता ती दोन महिन्यांच्या पुढे आहेत. त्यातल्या दोघांचे खालचे पटाशीचे दात वरच्यांच्या पुढे आलेत. एकाचे तर तोंड मिटलं तरी ओठाबाहेर दिसतात, आणि वरचे आत वळू लागलेत. त्याला कोथिंबिरीची काडी धड तोडता येत नाही, गोळी पेलेट मात्र जिभेने ओढून खातो. बाकी पाच पिल्लं टुणटुणीत. आईवडिलांचे दात मी स्वतः ओठ उचलून पाहिले, सरळ आहेत.

डॉक्टरांनी सांगितलं की दात घासून घ्यावे लागतील आणि ही जोडी पुन्हा लावू नका. घरात यावरून दोन तट पडलेत. सासरे म्हणतात दुधाचे दात असतील, पडतील. नवरा म्हणतो सातातली पाच चांगली आहेत की. साखळीची जाऊ आणि शेजारच्या दोन घरांनी चवथीच्या आधी पिल्लं मागून ठेवलीत, आणि जावेला तर जोडीच हवी आहे, 'पुढे आमच्याकडेही पिल्लं होतील' म्हणून.

खाणं: पेलेट, गाजर, कोथिंबीर, कधी शिळा उंडा (पाव). गवत पावसामुळे सध्या कमीच.

हे आनुवंशिक की खाण्यामुळे? आणि ती पाच पिल्लं द्यायची की नाही?

---

शिगमो

अबोलीताई, घाबरू नका. मी मडगावला बरीच वर्षं ससे पाळतो, विकतोही. दात वाढतात ते चघळायला न मिळाल्यामुळे. पेरूची फांदी टाका, कडक उंडा टाका, आपोआप झिजतात. किंवा पिंजऱ्याची जाळी ओढत असतील, त्यानेही दात वाकतात. आईबापाचे दात सरळ आहेत म्हणताय, मग पिल्लांत येणार कुठून? फारच वाटलं तर पुढच्या वेळी नर बदला. माझ्याकडे दोन चांगले नर आहेत. डॉक्टर लोक पुस्तक वाचून बोलतात पात्रांव.

---

खाजें

सशाला दुधाचे दात असतात का पण? (सासरेबुवांची बाजू घेत नाहीये, खरंच विचारतोय.)

---

पशुवैद्य_सासष्टी

असतात, पण ते जन्माच्या आधी किंवा नंतर महिनाभरातच जातात. दोन महिन्यांच्या पिल्लाच्या तोंडात दिसतात ते कायमचेच. सासऱ्यांना नमस्कार सांगा.

आता मुद्द्याचं. सशाला २८ दात, आणि ते सगळे जन्मभर वाढत राहतात. पटाशीचे दात आठवड्याला साधारण २ ते ३ मिलिमीटर वाढतात, म्हणजे वर्षाला दहा सेंटिमीटरच्या वर. हे चालतं, कारण वरचे आणि खालचे एकमेकांवर घासून झिजतात. वरच्या मोठ्या दोन दातांच्या मागे खुंटीसारखे दोन बारके दात असतात, आणि खालच्या दातांची धार मोठे दात आणि या खुंट्या यांच्या मधोमध टेकते. ती जागा चुकली की झीज थांबते. वाढ थांबत नाही. खालचे दात बाहेर येतात आणि वरचे कमानीसारखे आत वळून टाळूत किंवा गालात घुसतात.

आनुवंशिक की खाण्याचं, हे ओळखायला वय फार उपयोगी पडतं. जन्मजात ठेवणीचा दोष तिसऱ्या आठवड्यापासून दिसू शकतो, आठ-दहा आठवड्यांपर्यंत बहुतेक वेळा स्पष्ट होतो, आणि सुरुवात पटाशीच्या दातांपासून होते. खाण्यामुळे होणारा त्रास सहसा मोठ्या वयात येतो आणि बहुधा दाढांपासून सुरू होतो. दाढा लांबतात, तोंड नीट मिटत नाही, मग पुढचे दात बिघडतात. अबोलीताईंची पिल्लं लहान आहेत, एकाच वेतातली दोन आहेत, आणि तेच खाणं खाऊन भावंडं ठीक आहेत. मी तोंड पाहिलेलं नाही, पण तुमच्या डॉक्टरांचा सल्ला मला योग्य वाटतो.

शिगमोबाब, जाळी ओढून किंवा पडून दात मोडल्याने वाकडे येतात हे खरं आहे. पण मग बहुधा एका पिल्लाचा एखादा दात बिघडलेला दिसतो. दोन भावंडांचा चावा हुबेहूब तसाच उलटा व्हायला दोघांनी ठरवून पडावं लागेल.

---

शिगमो

मग आईबापाचे दात सरळ कसे? याचं उत्तर द्या.

---

मांडवीकाठ

देतो. उच्च माध्यमिकला जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे लांबण लागली तर सोसून घ्या.

या दोषावर १९७१ साली फॉक्स आणि क्रेरी यांनी 'जर्नल ऑफ हेरेडिटी'त काम प्रसिद्ध केलं. निष्कर्ष असा, की हा अप्रभावी जनुकाने येणारा दोष आहे. पिल्लाला आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन्ही सदोष प्रती मिळाल्या तर तो दिसतो. एकच मिळाली तर दात सरळ, पण ससा वाहक. म्हणजे सरळ दातांचे आईबाप हा इथे अपवाद नव्हे, नेहमीचाच प्रकार. वाकड्या दातांचा ससा मुद्दाम कोण जोडीला लावतो?

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. दोन्ही प्रती मिळालेल्या प्रत्येक सशात दोष दिसतोच असं नाही. त्यांच्या सशांत तो सुमारे ८१ टक्क्यांत दिसला. उरलेल्यांचे दात वरकरणी ठीक.

आता हिशेब मांडा. दोन्ही आईबाप वाहक आहेत आणि त्यांना १०० पिल्लं झाली असं धरू. २५ पूर्ण निर्दोष, ५० वाहक, २५ जणांत दोन्ही प्रती सदोष. त्या २५ पैकी साधारण २० जणांचे दात वाकडे दिसतील आणि ५ सुटतील. तर डोळ्यांना 'चांगली' दिसणारी पिल्लं ८०. त्यात खरोखर निर्दोष किती? २५. बाकीची ५५ हा दोष पुढे नेणारी, म्हणजे तिनातली दोनहून थोडी जास्तच.

अबोलीताईंच्या पाच टुणटुणीत पिल्लांपैकी तीन-चार वाहक असतील असं धरूनच चालायला हवं. आणि त्यातली दोन साखळीला जोडी म्हणून गेली, म्हणजे भाऊ-बहीण एकत्र, की जावेच्या अंगणात हाच धागा पुन्हा निघेल.

शिगमोबाब, नर बदलण्याबद्दल. बाहेरचा निर्दोष नर आणला तर पुढच्या वेतात एकही दात वाकडा दिसणार नाही, हे मान्य. पण त्या पिल्लांपैकी निम्मी वाहकच निघतील. दोष गेला नाही, एक पिढी लपला. आणि तो लपलेला माल आपण सगळीकडे वाटला. म्हणून 'नर बदला' हा सल्ला मला काहीच न करण्यापेक्षा जास्त घातक वाटतो.

---

तिसऱ्या_सुकें

वाचनखूण साठवली. मास्तर, बारावीला तुम्ही असता तर मी इंजिनियर झालो नसतो.

---

शिगमो

हिशेब कागदावर बरा दिसतो. पण असं प्रत्येकाला बाद करत गेलात तर ससे उरणार कुठले? गोव्यात मुळात ससे किती? सगळे त्याच चार पिंजऱ्यांतून आलेले.

---

काजूकार

सगळे त्याच चार पिंजऱ्यांतून आलेले, हेच तर दुखणं आहे बाबा.

मी केप्याला पूर्वी मांसासाठी ससे करत होतो. सोव्हिएत चिंचिला आणि व्हाइट जायंट. आता वय झालं, काजू बरे. तेव्हा एक वही होती. कुठली मादी, कुठला नर, किती पिल्लं, किती जगली, आणि शेवटच्या रकान्यात खोड. दात, वाकडा पाय, डोळा, काय असेल ते. मांसाच्या धंद्यात तोंड उघडून बघायला कुणाला वेळ नसतो. पिल्लू तीनेक महिन्यांत वजनाला आलं की गेलं. पण एखादं पिल्लू वजन घेत नाही, हनुवटी ओली, म्हणून उचलावं तर दात हे असे. मग वही उघडायची. तोच नर दुसऱ्या मादीच्या वेतातही निघाला, तर नर गेला. पुढच्या पिढीसाठी त्या वेतातलं एकही पिल्लू ठेवायचं नाही, मग ते कितीही गुबगुबीत असो. पाळणाऱ्याला सगळ्यात गुबगुबीत पिल्लाचाच मोह पडतो, हे सांगून ठेवतो.

शौकीन मंडळींकडे ती वहीच नसते. ससा कुठून आणला विचारलं तर 'बाजारातून'. त्याचा बाप कोण? तर तोही बाजारातून. गोवा लहान. काणकोणचा नर आणि पेडण्याची मादी आणली तरी आजा एकच निघायचा.

---

मांडवीकाठ

काजूकारकाकांना अनुमोदन.

'सगळे बाद केले तर उरणार काय' हा प्रश्न दुर्मिळ जातीच्या बाबतीत खरोखर विचार करण्यासारखा आहे. जिथे जगात थोडेच प्राणी उरलेत, तिथे वाहकाला सरसकट काढलं तर दुसरे चांगले गुणही जातात. तिथे वाहकाला फक्त तपासलेल्या निर्दोष जोडीदाराबरोबर लावतात आणि पिल्लांवर नजर ठेवतात. पण इथे आपण कुठलीही दुर्मिळ जात वाचवत नाही आहोत. पाळीव सशांचा तुटवडा नाही, आणि नको झालेले ससे लोक बागेत सोडून देतात. एका घरगुती जोडीची वीण थांबली तर सशांच्या कुळाचं काहीही बिघडत नाही.

---

खाजें

माझाही प्रश्न यात घुसवतो. लोंबत्या कानांचा लोप घ्यायचं मनात आहे. लोपचे दात हमखास बिघडतात असं वाचलं. खरं का? आणि हा ड्वार्फ काय प्रकार?

---

पशुवैद्य_सासष्टी

लोपबद्दल तसा समज होता, आणि छोट्या संख्येवरच्या एका पाहणीत तसं दिसलंही होतं. नंतर ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या लाखाहून जास्त सशांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यात लोंबत्या कानांमुळे किंवा आखूड तोंडामुळे दातांचा धोका वाढलेला आढळला नाही, वय मात्र महत्त्वाचं ठरलं. म्हणून कान बघून निकाल देऊ नका. समोरचा ससा, त्याची भावंडं आणि आईबाप बघा. लोपच्या कानांचं दुखणं वेगळं असतं, ते घेताना तपासून घ्या.

ड्वार्फचा जनुक निराळा आहे. त्याची एक प्रत मिळाली की ससा बुटका आणि गोल तोंडाचा होतो, दोन मिळाल्या तर पिल्लू काही दिवसांतच मरतं. म्हणून दोन खरे ड्वार्फ जोडीला लावले की सरासरी चौथा हिस्सा पिल्लं जात राहतात. अबोलीताईंची सातही जगली, त्यामुळे त्यांची जोडी नावापुरतीच ड्वार्फ असू शकेल. नुसत्या जगण्यावरून ठाम सांगता येत नाही.

आणि उंड्याबद्दल. पोदेराचा शिळा पाव कितीही कडक असला तरी त्याने सशाचे दात झिजत नाहीत. तोंडात गेला की मऊ पडतो, वर पिठामुळे पोट बिघडतं ते वेगळंच. फांदी चघळायला चांगली, पण तिचं काम पुढच्या दातांपुरतं. दाढा झिजतात त्या गवताने. गवत चावताना जबडा आडवा फिरतो, जात्यासारखा, आणि गवतातल्या वाळूसारख्या बारीक कणांनी दाढ घासली जाते. पेलेट आणि गाजर चावताना तो नुसता वर-खाली होतो. तेव्हा आनुवंशिक असो वा नसो, सातही पिल्लांचं आणि आईबापांचं मुख्य खाणं गवतच हवं. पेलेट चमचाभर, गाजर खाऊपुरतं.

---

अबोली_डिचोली

देव बरें करूं सगळ्यांना. मास्तरांचा ऐंशी पिल्लांचा हिशेब मी नवऱ्याला कागदावर मांडून दाखवला. तो बँकेत आहे, त्याला आकडे पटतात.

काही प्रश्न राहिले. एक, ज्या दोघांचे दात वाकडे आहेत त्यांचं पुढे काय? जन्मभर कापत राहायचे? नखं कापायच्या कटरने घरी कापता येतात असा एक व्हिडिओ पाहिला. दोन, बाकी पाच कुणालाच द्यायची नाहीत का? आणि पावसात गवत कुठून आणायचं? बाहेरचं ओलं कापून आणलं तर दुसऱ्या दिवशी बुरशी.

---

पशुवैद्य_सासष्टी

कटर अजिबात नको. सशाचा दात कटरच्या दाबाने उभा चिरतो. ती चीर हिरडीखाली गेली की आतला जिवंत भाग उघडा पडतो आणि मुळाशी पू धरतो. सशाचा पू घट्ट असतो, सुईने ओढून किंवा नुसत्या औषधाने तो निघत नाही, जबड्याची मोठी शस्त्रक्रिया होते. दवाखान्यात फिरत्या यंत्राने दात घासून आखूड करतात. ते बरोबर. पण साधारण चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा करावं लागतं.

दुसरा मार्ग पटाशीचे सहाही दात मुळासकट काढण्याचा. वरचे चार (दोन खुंट्या धरून) आणि खालचे दोन. ऐकायला भयंकर, पण ससा नंतर ओठांनी उचलून खातो आणि दाढांनी चावतो. भाजी बारीक चिरून, गवत हाताएवढं कापून द्यायचं. ज्याचा त्रास जन्मभराचा आहे त्याला दर महिन्याला धरून आणण्यापेक्षा हे पुष्कळदा बरं. मुळाशी थोडा भाग राहिला तर दात पुन्हा उगवतो, म्हणून सशांचा सराव असलेला डॉक्टर शोधा. आधी डोक्याचा एक्स-रे हवा, दाढांची मुळं बघायला.

भूल द्यायच्या आधी 'रात्रीपासून उपाशी ठेवा' असं कुणी सांगितलं तर थांबा आणि पुन्हा विचारा. सशाला उलटी होत नाही, आणि उपाशी राहिला की आतडं थांबतं. एरवीही बारा तास काही खाल्लं नाही तर सकाळची वाट बघू नका. आणि कुत्र्यांना देतो ती तोंडाने घ्यायची पेनिसिलिन-अमॉक्सिसिलिनची औषधं सशाला जिवावर बेततात. घरात उरलेलं सिरप देऊ नका.

---

काजूकार

गवताचं मी सांगतो. पावसात विकतच्या टिमोथी गवताची पिशवी उघडलीत की लगेच हवाबंद डब्यात, नाहीतर आठवड्यात वास येतो. स्वस्तातलं हवं असेल तर दिवाळीच्या सुमारास डोंगरावरचं करड गवत कापून सुकवतात, ते गुरांवाल्यांकडून घ्या आणि माळ्यावर कोरडं ठेवा. पुढच्या पावसाला तेच कामाला येतं. आत्ता रोज ताजं कापा, पाणी झटकून घरात पसरा, संध्याकाळी घाला. उरलं तर फेकून द्या. भाताचा पेंढा चालतो चघळायला, पण कस नाही त्यात, एकट्या पेंढ्यावर ठेवू नका. फवारलेल्या बांधावरचं नको.

---

मांडवीकाठ

पाच पिल्लांबद्दल माझं मत. द्या, पण जोडी म्हणून देऊ नका आणि पुढे वीण न घेण्याच्या अटीवर द्या. पाळीव म्हणून ती उत्तम आयुष्य जगतील, वाहक असण्याने सशाला स्वतःला काही होत नाही. जावेला दोन हवेच असतील तर शस्त्रक्रिया करून द्या.

शब्दावर विसंबू नका मात्र. 'नाही हो लावणार आम्ही' म्हणणाऱ्या घरात चार-पाच महिन्यांत ससे वयात येतात, नर म्हणून नेलेला मादी निघतो, आणि महिन्याभराने पिंजऱ्यात केसांचं घरटं.

---

शिगमो

आणि ज्यांनी पैसे मोजून नेली त्यांना मी हे सांगायचं का? गिऱ्हाईक पळून जाईल. शिवाय गोव्यात विचारतो कोण?

---

मांडवीकाठ

२०१८ चे पाळीव प्राणी दुकानांचे नियम केंद्राचे आहेत, गोव्यालाही लागू. दुकानाची नोंदणी राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे करावी लागते आणि 'पाळीव प्राणी' या व्याख्येत ससा नावानिशी आहे. घरची पिल्लं जावेला देणं वेगळं, तुमचा व्यवसाय वेगळा. पण नियम बाजूला ठेवू. तुमच्या सशांत हा दोष निघालाय का, एवढंच सांगा.

---

शिगमो

निघालाय. मागच्या पावसात एक, त्याच्या आधी एक. मी खाण्यावर घातलं होतं. एकाच नराची होती की नाही ते आता सांगता येणार नाही, वही नाही माझ्याकडे. दोन नर आहेत म्हणालो त्यातलाच एक असेल.

---

काजूकार

आजपासून घाला वही. चाळीस पानी पुरते. आणि खात्री होईपर्यंत दोन्ही नर बंद.

---

खाजें

खात्री करायची कशी? मुद्दाम वाकड्या दाताच्या मादीला लावून बघायचं?

---

मांडवीकाठ

शास्त्रात तसं करतात. वाहक नर निघाला तर निम्म्या पिल्लांत दोन्ही सदोष प्रती येतात, म्हणजे एका-दोन वेतांत कळतं. पण त्यासाठी दुखणारी पिल्लं जाणूनबुजून जन्माला घालायची, आणि दात न जुळणाऱ्या मादीला वर गाभण ठेवायची. मला हे घरगुती पाळणाऱ्याने करावं असं वाटत नाही. ज्यांना पिल्लं दिलीत त्यांना फोन करून दात विचारा. तेवढ्यावरून पुष्कळ कळेल, आणि एकही नवं पिल्लू लागणार नाही.

---

अबोली_डिचोली

ठरलं ते लिहिते. दोघांचे दात डॉक्टरांनी यंत्राने घासले, थोडे मोठे झाले की काढायचा विचार आहे. ते आमच्याकडेच राहतील. नराची शस्त्रक्रिया करतोय. पाचांपैकी तीन दोन शेजाऱ्यांकडे जातील. एका घरी दोन माद्या, दुसरीकडे एक, आणि पिल्लाबरोबर चिठ्ठी: 'या वेतात दातांचा आनुवंशिक दोष निघाला आहे. हिची पिल्लं घेऊ नयेत. दर महिन्याला ओठ उचलून दात बघावेत. हनुवटी ओली, डोळ्यातून पाणी, वजन कमी किंवा खाणं बंद दिसल्यास लगेच दवाखाना.' शेजारीण म्हणाली औषधाच्या बाटलीसारखा ससा दिलास. जाऊबाई रुसल्यात, त्यांना जोडीच हवी होती. त्यांना तूर्त नाही म्हटलंय.

शिगमोबाब, तुमचे फोन झाले का?

---

शिगमो

चार झाले. एक वाकडा निघाला, बोरीला. बाकीचे उद्या करतो.

---

पशुवैद्य_सासष्टी

चिठ्ठीत 'गवत' हा शब्द राहिलाय, तो घाला. आणि नराची शस्त्रक्रिया झाली म्हणून त्याच दिवशी त्याला मादीबरोबर सोडू नका. आत राहिलेल्या बीजामुळे तो पुढचे काही आठवडे मादीला गाभण घालू शकतो. महिना-दीड महिना पिंजरे वेगळे, आणि मधे नुसती जाळी असेल तर दोन पिंजऱ्यांत अंतर. जाळीतूनही होतं.